नामवंतांचे ड्रम उतरवू की स्वतःचा आवाज शोधू?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र नीट वाचलं. साताऱ्याला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, विषय भौतिकशास्त्र. रात्री लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ हे संगीताचं सॉफ्टवेअर उघडून बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, करतोस. अमेरिकेतल्या ट्रॅप या हिपहॉप प्रकारातल्या मोठ्या प्रोड्यूसरांचे वाटावेत असे ड्रम तुला जमतात आणि मित्र वाहवा करतात. पण तुमच्याकडच्या एका रॅपरने "यात तुझं काय आहे?" असं विचारलं आणि तेव्हापासून तुझा हातच चालेना. नक्कल सोडून स्वतःची शैली शोधू का, सहा हजारांचं एक ड्रम किट (ड्रमच्या तयार आवाजांचा संच) घेऊ का आणि वडील विचारतात तसं यात पोट भरेल का, असे तुझे तीन प्रश्न आहेत. काका भजनी मंडळात पखवाज वाजवतात, हे तू जाता जाता लिहिलंस. मला सगळ्या पत्रात तीच ओळ मोलाची वाटली. तिच्याकडे येतेच.

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर. नक्कल सोडू नकोस. खरं तर तू अजून नक्कल केलेलीच नाहीस. दुसऱ्याच्या किटमधली किक (खालचा जड ठोका) आणि तिसऱ्याच्या पॅकमधली स्नेअर (वरचा कडक ठोका) आणून ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या चौकटीवर, मांडली, ही निवड झाली. निवडीलाही कान लागतो, तुझा तो तयार आहे. पण गाणं शिकणारा गुरूची तान स्वतःच्या गळ्यातून काढतो, रेकॉर्ड लावून दाखवत नाही. आवाज कुठून आला, कसा झाला, हे हाताला कळेपर्यंत उतरवणं म्हणजे नक्कल. ती तू मनापासून कर, लाज बाळगू नकोस.

तू रोज वापरतोस त्या ८०८ चंच बघ. जपानच्या रोलँड कंपनीने टीआर-८०८ हे ड्रमचे आवाज काढणारं यंत्र १९८० साली बाजारात आणलं. त्याच वर्षी आलेल्या रॉजर लिनच्या एलएम-१ या ड्रम यंत्रात खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज होते, पण त्याची किंमत पाच हजार डॉलरच्या आसपास होती. ८०८ सुमारे बाराशे डॉलरला मिळायचं. त्यातला प्रत्येक आवाज सर्किटमधून घडवलेला होता. झांजेसारखा आवाज काढायला सहा स्क्वेअर वेव्ह (इलेक्ट्रॉनिक लहरी) एकत्र मिसळल्या होत्या. हे खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही, अशी तक्रार झाली आणि १९८३ मध्ये उत्पादन थांबलं. मग ती यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि ज्यांना तेवढंच परवडत होतं त्यांनी ती घेतली. हिपहॉपवाल्यांनी त्याची किक लांबवली आणि बास म्हणून वाजवली. आज तू जो वापरतोस तो आवाज असा, हाताशी होतं त्यातून घडत गेला.

तर या महिन्यात ८०८ ची किक शून्यातून बनव. एक साइन वेव्ह घे. तिचा स्वर उंचावरून काही मिलिसेकंदांत पन्नास हर्ट्झच्या आसपास खाली आण आणि मग तिला सावकाश विरू दे. सुरुवातीला 'टक' कमी पडली तर स्वर आणखी वरून उतरव. फोनच्या स्पीकरवर ऐकलीस तर किक गायबच होईल, कारण तेवढा छोटा स्पीकर पन्नास हर्ट्झ काढूच शकत नाही. थोडं सॅच्युरेशन दे, म्हणजे आवाज मुद्दाम जरा फाड, वरचे हार्मोनिक (उपस्वर) उमटतील आणि किक ऐकू येईल. तुझ्या आवडत्या प्रोड्यूसरांच्या किका अशा खरखरीत का असतात, याचं मोठं कारण तुला तिथे सापडेल.

आवाजाइतकंच महत्त्व ठोका कुठे पडतो याला आहे, आणि ते कुठल्याच किटमध्ये विकत मिळत नाही. डेट्रॉइटचा हिपहॉप प्रोड्यूसर जे डिला अकाय एमपीसी ३००० या बीट बनवण्याच्या यंत्रावर काम करायचा. त्या यंत्रात एका मात्रेचे ९६ भाग पडतात. ९० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत, एक भाग म्हणजे जेमतेम सात मिलिसेकंद. डिला कुठे स्नेअर किंचित आधी आणायचा, कुठे किक मागे रेंगाळू द्यायचा, हाय-हॅटला (जोडझांजेला) वेगळाच झोका द्यायचा. २००६ साली, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तो गेला. त्याचं ते एमपीसी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. 'द रूट्स' या हिपहॉप बँडचा ड्रमर क्वेस्टलव्ह आधी घड्याळासारखा नेमका वाजवायचा. त्याने ही लडखडती लय खऱ्या ड्रमवर उतरवली. म्हणजे यंत्रावरच्या माणसाची नक्कल एका ड्रमरने दोन हात आणि दोन पाय वापरून केली, आणि त्या नकलेतून त्याचं स्वतःचं वाजवणं बदललं. तूही एका गाण्याचे चार बार (आवर्तनं) घे, झूम करून प्रत्येक ठोका ग्रिडपासून किती सरकलाय ते वहीत लिही आणि तुझ्या स्वतःच्या आवाजांवर तीच सरक लावून ऐक.

आता काकांचा पखवाज.

भजनाच्या आधी काका धुमेवर, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावर, भिजवलेली कणीक थापतात, ते तू लहानपणापासून बघत असशील. कणीक वाढली की कातड्याचं वजन वाढतं आणि कंपनं मंदावतात, म्हणून स्वर खाली जातो. तुझ्या भाषेत सांगायचं तर काका रोज किक ट्यून करतात. दुसऱ्या तोंडावरची शाई, म्हणजे मधला काळा लेप, तर त्याहून सुंदर काम करते. साध्या ताणलेल्या गोल कातड्याचे उपस्वर बेसूर, विस्कळीत असतात. मधल्या शाईमुळे ते जवळजवळ सुरेल प्रमाणात बसतात. सी. व्ही. रामन यांनी मृदंग-तबल्याच्या या गुणावर १९२० मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं आणि १९३४ मध्ये सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध केला. तू भौतिकशास्त्राचा विद्यार्थी आहेस. तो निबंध मिळवून वाच, हा माझा आग्रह आहे. तुझं कॉलेज आणि तुझा लॅपटॉप ही दोन वेगळी जगं आहेत असं तुझ्या पत्रातून वाटतं, ती तशी नाहीत.

काकांना विनंती कर आणि एका दुपारी घरात पंखा बंद करून रेकॉर्डिंग कर. धुमेचा उघड्या हाताचा 'गे', बंद ठोका, शाईवरचा ठोका, किनारीचा ठोका असा एकेक बोल हळू आणि जोरात घे. आधी कमी कणकेवर, मग जास्त कणकेवर. फोन असला तरी चालेल, पण कातड्याच्या अगदी जवळ धरू नकोस, आवाज फाटेल. मग स्पेक्ट्रम अॅनालायझरमध्ये (आवाजातले स्वर दाखवणाऱ्या साधनात) धुमेचा मूळ स्वर बघ आणि तुझ्या साइनच्या किकला तोच स्वर दे. वर काकांचा हात, खाली तुझं ८०८. हा आवाज इतर कुणाच्या किटमध्ये नसेल. मात्र नुसतं देशी वाद्य घातलं की शैली झाली, असं समजू नकोस. पखवाज शोभेला ठेवलेले कितीतरी ट्रॅक मी ऐकलेत आणि ते पोकळ वाटतात. काका बोल का दाबतात, समेच्या आधी कुठे थांबतात, टाळकऱ्यांना कशी वाट करून देतात, हे त्यांच्याशेजारी बसूनच कळेल.

सहा हजारांचं किट घेऊ नकोस. तेवढ्यात बरा मायक्रोफोन येतो. जे फुकट पॅक वापरतोस त्यांचा परवाना मात्र वाच. बहुतेक पॅक गाण्यात वापरायला मोकळे असतात, पण तेच आवाज सुटे विकायला परवानगी नसते. तयार लूप (पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा) शेकडो जणांच्या गाण्यात असतो, त्यामुळे यूट्यूबवर कॉपीराइटचे नाहक दावे येतात. आणि कुणाच्या प्रसिद्ध गाण्यातून थेट किक कापून घेऊ नकोस. ठेका कुणाच्या मालकीचा नसतो, पण ध्वनिमुद्रणाचे हक्क असतात.

वडिलांच्या प्रश्नाला मी गोडगोड उत्तर देणार नाही. नुसते बीट विकून नियमित घर चालवणारे थोडेच. पण ध्वनीचं काम जाहिराती, मालिका, वेब सीरिज, डबिंग, गेम्स, लाइव्ह कार्यक्रम अशा अनेक ठिकाणी असतं. आणि तिथे तुझी नक्कल कामाला येते. दिग्दर्शक एक रेफरन्स ट्रॅक (नमुन्याचं गाणं) पाठवतो आणि म्हणतो, "असंच हवं, पण हेच नको." परवा दुपारपर्यंत द्यायचं असतं. जो आवाज शून्यातून घडवायला शिकलाय, तोच हे देऊ शकतो. म्हणून आत्तापासून दोन फोल्डर ठेव. एकात हुबेहूब उतरवलेले चार-पाच नमुने, कुणाचे उतरवले ते स्पष्ट लिहून. दुसऱ्यात फक्त तुझ्या रेकॉर्ड केलेल्या आणि तुझ्या बनवलेल्या आवाजांचं काम. काम देणारा पहिला ऐकून तुझा हात पारखेल, दुसरा ऐकून तुलाच का बोलवायचं ते ठरवेल.

पदवी पूर्ण कर. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेत साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याला पदवी लागते आणि बारावीला भौतिकशास्त्र असणं उपयोगी पडतं. त्या वर्षीची पात्रता आणि फी संस्थेच्या संकेतस्थळावर वडिलांसोबत बसून बघ. कोलकात्याच्या सत्यजित रे चित्रपट संस्थेचाही विचार कर. पहिलं पैशाचं काम मिळालं की चाल कुणाची, ध्वनिमुद्रण कुणाचं आणि रॉयल्टीचं काय, हे सही करण्याआधी लेखी घे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने संगीतकारांच्या रॉयल्टीला चांगलं संरक्षण दिलंय, आणि ती गोळा करायला आयपीआरएस ही संस्था आहे.

त्या रॅपरशी बोलणं तोडू नकोस. तोंडावर खरं सांगणारा साथीदार या क्षेत्रात फार उपयोगी पडतो. काकांच्या धुमेवरचा पहिला बीट झाला की तो त्यालाच पाठव आणि त्यावर लिहायला सांग.

तुझी,
करिअर मार्गदर्शक