कुठे निघालात, हे आधी विचार

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा पहाटे पावणेतीनला तू नर्सच्या नाईट ड्युटीवरून मेसेज केलास. मी तो सकाळी वाचला आणि दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. 82 वर्षांचे आजोबा, खुब्याच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस. रात्री सलाईन उपटून उठायला बघत होते. ड्युटी डॉक्टर फोनवर म्हणाले, हात बांधा. मुलाने फॉर्मवर सही केली आणि तो खाली झोपायला गेला. तू हात बांधलेस. मग ते तुला ‘बाई, सोडा हो’ म्हणत राहिले, आणि आता तू मला विचारतेस, माझं चुकलं का?

चुकलं. तुला बरं वाटावं म्हणून मी दुसरं काही लिहिणार नाही. पण हात बांधले ती फार नंतरची चूक. ते पहिल्यांदा पाय खाली सोडून बसले, तेव्हा त्यांना कुणी विचारलं का, ‘आजोबा, कुठे निघालात?’ तुझ्या लांबलचक मेसेजमध्ये मुलगा काय म्हणाला ते आहे, डॉक्टर काय म्हणाले ते आहे, रजिस्टरमध्ये तू ‘पेशंट कन्फ्युज्ड’ लिहिलंस तेही आहे. आजोबा काय म्हणत होते, ते एका ओळीतही नाही.

मला हे कळायला एक माणूस मोडावा लागला. 1991 सालचा जुलै. परळच्या बाजूला, महानगरपालिकेच्या रुग्णालयात मेडिसिनचा पुरुष वॉर्ड. खाटा भरून फ्लोअर बेड लागलेले, नाईटला मी आणि एक स्टुडंट. लालबागच्या चाळीतले एक गिरणी कामगार न्यूमोनियाने ॲडमिट होते, सत्तरी ओलांडलेले. 1982 च्या संपात नोकरी गेलेली, पण अंगातून गिरणी गेली नव्हती. दुपारी बायकोच्या हाताला धरून चालत आले होते. चष्मा हरवेल म्हणून तिने तो घरी नेला. तसं तिला मीच सांगितलं होतं.

रात्री झोप लागेना म्हणून हाऊसमनने, म्हणजे वॉर्डच्या ज्युनियर डॉक्टरने, ‘गरज पडली तर’ म्हणून लिहिलेलं फेनिरामिनचं इंजेक्शन मी दिलं. ते ॲलर्जीचं औषध, पण गुंगी आणतं. दोनच्या सुमारास ते उठून चालायला लागले. ‘भोंगा झाला, तिसरी पाळी आहे, माझे साचे बंद पडलेत’ असं मोठ्याने म्हणत होते. आजूबाजूचे पेशंट ओरडायला लागले. वॉर्डबॉय मामांना बोलावलं आणि गॉज बँडेजने दोन्ही मनगटं खाटेच्या दांड्याला बांधली. बांधल्यावर वॉर्ड शांत झाला, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

सकाळी राउंडला सरांनी पोटावर हात ठेवला. ओटीपोट दगडासारखं झालेलं. नळी घातली, तर लिटरभर लघवी निघाली. म्हाताऱ्या पुरुषांची लघवी त्या औषधाने अडू शकते, डोकंही भरकटतं. हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. तो माणूस मोरीकडे निघाला होता ग. डोक्यात गिरणी आणि लघवीची कळ एकत्र झाली होती, आणि मी त्याला खाटेला बांधून वर ओरडूही नका म्हणाले होते.

बायको आली. तिने मनगटांवरचे वळ पाहिले, पदराच्या गाठीतून छोटी बाटली काढली आणि खोबरेल तेल चोळत बसली. मला एक शब्द बोलली नाही. न्यूमोनिया बरा झाला, पण त्यांच्या पायातलं बळ गेलं ते गेलंच. चालत आलेल्या माणसाला चाळीचे तीन जिने खुर्चीवर बसवून चौघांनी वर नेलं.

म्हणून सांगते, उठणारा म्हातारा माणूस कुठे तरी निघालेला असतो. त्याला लघवीला जायचं असतं, पाणी हवं असतं, चार दिवस पोट साफ झालेलं नसतं, टाके दुखत असतात. कधी गेलेल्या बायकोला शोधायचं असतं. उत्तर विचित्र आलं तरी ते नीट ऐक. तो ‘गाडी पकडायचीय’ म्हणाला तर ‘अहो, तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात’ म्हणून वाद घालू नकोस. ‘कुठली गाडी? जायच्या आधी बाथरूमला जाऊन यायचं का?’ असं विचार. तू खुब्याच्या पेशंटजवळ आहेस, हेही ध्यानात ठेव. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्यांना डिलिरियम होतो, म्हणजे आजारपणात अचानक डोकं भरकटतं, हे इतकं नेहमीचं आहे की ऑपरेशनच्या दिवसापासूनच आपण त्याची वाट पाहायला हवी. त्यात ‘म्हातारचळ लागलाय’ म्हणण्यासारखं काही नाही. मेंदू त्या वेळी आजारी असतो. कारण सापडलं तर बहुतेक वेळा तो ताळ्यावरही येतो.

आणि जे उठत नाहीत, त्यांची काळजी जास्त कर. बेडवर गपचूप पडून राहणारी आजी, हाक मारली की डोळे उघडते आणि पुन्हा मिटते. ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला ओव्हर देताना आपण तिला ‘शांत पेशंट, काही त्रास नाही’ म्हणतो. तोही डिलिरियम असतो, आणि तो जास्त वेळा नजरेतून सुटतो, कारण तो आपल्याला त्रास देत नाही. तिला वार उलटे म्हणायला सांग. रविवार, शनिवार, शुक्रवार. मध्येच हरवली तर रक्तातलं सोडियम आणि लघवी तपासायला डॉक्टरांच्या मागे लाग.

तू म्हणशील, सिस्टर, वेळ कुठे आहे? हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. तुमच्या मजल्यावर हात बांधायला किती जण लागले? तिघं. किती वेळ? त्यातला एक मिनिट खुर्ची ओढून बसायला का नाही मिळाला? 1999 साली अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी सत्तरीपुढच्या 852 पेशंटांवरचा अभ्यास छापला. त्यातल्या निम्म्यांसाठी एवढंच केलं. चष्मा आणि कानाचं यंत्र जागेवर ठेवायचं, पाणी प्यायला द्यायचं, दिवसातून काही वेळा चालवायचं, रात्री गोळीऐवजी गरम दूध द्यायचं आणि पाठ चोळायची, आज कोणता वार ते सांगत राहायचं. नेहमीच्या वॉर्डात 15 टक्के लोकांना डिलिरियम झाला, या पेशंटांत 9.9 टक्क्यांना. यात एकही महागडं औषध नव्हतं. आणि 2007 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात धडधाकट म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस बेडवर झोपवून पाहिलं, तर पायांचं जवळजवळ किलोभर मांस उतरलं. हे आजारी नसलेल्यांचं. हे वाचल्यापासून मला त्या चाळीचे जिने जास्त दिसतात.

त्या जुलैनंतर मी बदलले. काही सहकारी म्हणायच्या, ही हट्टी झाली. झाले असेन. रात्री पुरुष वॉर्डात बायकोला बसू दिलं म्हणून मला दोनदा मेमो मिळाला. गेटवरच्या पासाचा नियम मला ठाऊक होता. पण ओळखीचा आवाज उशाशी असेल तर माणूस खाटेवरून उतरत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि नियम करणारे रात्री दोनला वॉर्डात नव्हते. एका सरांनी केसपेपरवर ‘रिस्ट्रेन’, म्हणजे बांधून ठेवा, असं लिहिलं, तेव्हा मी त्याखाली लिहिलं, ‘पेशंट लघवीला उठत होते, पॉट दिला, आता झोपले आहेत.’ सर सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याचं आजही काही वाटत नाही. आवाज खाली ठेवायला हवा होता, असं मात्र कधी कधी वाटतं. माझ्यामागे उभ्या असलेल्या स्टुडंटला त्या दिवशी माझा राग दिसला, कारण दिसलं नाही.

म्हणून तू भांडू नकोस. तुझी नोकरी खाजगी रुग्णालयातली, वर्षसुद्धा झालेलं नाही. डॉक्टरांना फोन करशील तेव्हा आधी सांग, ‘मी त्यांना विचारलं, ते असं म्हणाले, ब्लॅडर फुगलेलं वाटतंय, तीन दिवस शौचाला झालं नाही, रात्री दुखण्याची गोळी दिली गेली नाही.’ एवढं ऐकल्यावर फार थोडे डॉक्टर बांधायला सांगतात. मुलाने सही दिली म्हणून तुझं विचारणं संपत नाही. मुलगा घाबरलेला आहे, त्याला समोर जो कागद येईल त्यावर तो सही करेल. ज्याचे हात आहेत त्याला विचार.

आज पुन्हा तुझी नाईट आहे. ओव्हर घेताना आजोबांचा चष्मा कुठे आहे, ते आधी बघ. ड्रॉवरमध्ये पिशवीत बांधून ठेवलेला असेल, नाहीतर मुलाकडे असेल. दिवे लवकर कमी कर, बेड खाली घे, बेल त्यांच्या चांगल्या हाताशी ठेव. सलाईनची अजून गरज आहे का, ते डॉक्टरांना विचार. तोंडाने जेवत-पीत असतील तर कदाचित नसेल. आणि ते उठले की त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला बस.

सुटलीस की मला फोन कर. मी पाचला उठलेली असते. आजोबा कुठे निघाले होते, ते सांग.

तुझी,
सिस्टर