फोटो एडिटिंगसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच का?

तुम्ही लिहिलंय की पक्ष्यांचे फोटो काढता, कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, सगळं रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये. काम बहुतेक लाइटरूम क्लासिकमध्ये, अधूनमधून फोटोशॉपमध्ये. गेम नाही, व्हिडिओ नाही. नवा लॅपटॉप घेताना इंटिग्रेटेड, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सवर भागेल, की वेगळं कार्ड असलेलाच घ्यायचा?

पक्ष्यांचे फोटो म्हटल्यावर मी आधी एकच विचारेन: एआय डीनॉइज, म्हणजे फोटोतले दाणे काढणारी सोय, किती फोटोंवर वापरता? बाकीचं बहुतेक काम इंटिग्रेटेडवर व्यवस्थित होतं, फक्त रॅम नीट हवी.

फोटो एडिटिंगचा मोठा भार प्रोसेसर आणि रॅमवर असतो. साधा हिशोब करा. १६ बिटमध्ये एका पिक्सेलला तीन रंगांचे मिळून ६ बाइट लागतात, म्हणजे २४ मेगापिक्सेलचा एक लेयर १४४ एमबीचा. फोटोशॉपमध्ये असे दहा भरलेले लेयर झाले की जवळजवळ दीड जीबी, वर हिस्टरी, म्हणजे मागच्या पायऱ्यांची नोंद, वेगळी. हे सगळं रॅममध्ये बसतं. इंटिग्रेटेड ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसल्यामुळे तेही याच रॅममधून आपला वाटा घेतं. म्हणून ८ जीबी रॅम आणि इंटिग्रेटेड ही जोडी मी कुणालाच सुचवणार नाही.

रॅम किती, याइतकंच ती कशी बसवली आहे हेही बघा. डीडीआर४-३२०० ची एकच स्टिक असेल तर सेकंदाला २५.६ जीबी डेटा ये-जा करू शकतो, दोन स्टिक असतील तर ५१.२. डेस्कटॉपच्या १२ जीबीच्या आरटीएक्स ३०६० कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ३६० जीबीला पोचते. एका स्टिकवर चालणाऱ्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सचा जीव तिथेच गुदमरतो, आणि बरेच लॅपटॉप एकच स्टिक घालून विकले जातात. दुसरी स्टिक टाकणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे. ॲपलच्या एम मालिकेतल्या चिप्सही तशा इंटिग्रेटेडच, पण एम१ प्रोची मेमरी सेकंदाला २०० जीबीने चालते. त्यामुळे इंटिग्रेटेड म्हणजे कमजोर, असं आता सरसकट म्हणता येत नाही.

मग कार्डाचा फरक नेमका कुठे पडतो? एक म्हणजे मोठा स्क्रीन. फुल एचडीवर सुमारे २० लाख पिक्सेल रंगवायचे असतात, ४केवर ८३ लाख. ४के मॉनिटर जोडून पिसांवर शंभर टक्के झूम करा आणि बारकावे उठवणारा टेक्स्चरचा स्लायडर सरकवा. कमजोर ग्राफिक्सवर फोटो आधी धूसर होतो आणि मग मागाहून जागेवर येतो. दर फोटोला हे होत राहिलं की हात आखडतो, आणि माझ्या मते त्याने एडिटिंगच बिघडतं. लॅपटॉपच्याच फुल एचडी स्क्रीनवर काम करणार असाल तर हा मुद्दा सोडून द्या.

दुसरं, आणि तुमच्यासाठी खरं महत्त्वाचं, म्हणजे डीनॉइज. लाइटरूममध्ये एआय डीनॉइज एप्रिल २०२३ मध्ये आलं. ते अख्खी रॉ फाइल न्यूरल नेटवर्कमधून काढतं, आणि हे काम जवळपास पूर्ण ग्राफिक्सचं आहे. चांगल्या कार्डावर एका फोटोला काही सेकंद पुरतात, साध्या इंटिग्रेटेडवर तेच मिनिटांवर जातं. पहाटेच्या झाडीतला, कमी उजेडामुळे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० वर नेऊन टिपलेला पक्षी डीनॉइजशिवाय बहुतेक वेळा पुरा होत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. तरी एका फेरीतून पाच-सहाच फोटो निवडत असाल, तर ते रांगेत लावून दुसरं काम करता येतं. तेवढ्यासाठी कार्डाचं वजन, उष्णता आणि पंख्याचा आवाज पदरात घेऊ नका. आधी निवड, मग डीनॉइज, हा क्रम मात्र पाळा. एकाच झेपेच्या तीस फ्रेम सरसकट डीनॉइज करत बसलात तर कुठलंही मशीन हळूच वाटेल. आणि दर वेळी पन्नास-शंभर फोटो द्यायचे असतील तर कार्ड घ्याच, शक्यतो ८ जीबी मेमरीचं.

कार्डामुळे फोटो जास्त चांगला दिसतो हा समज मात्र काढून टाका. रंग दाखवतो तो स्क्रीन. स्क्रीन किती रंग दाखवतो हे एनटीएससी किंवा एसआरजीबी या रंगांच्या ठरलेल्या पट्ट्यांच्या टक्क्यांत सांगतात. ४५ टक्के एनटीएससी असं लिहिलेलं पॅनेल एसआरजीबीचे जेमतेम साठ-पासष्ट टक्के रंग दाखवतं. त्यावर खंड्याचा निळा फिका दिसतो, आपण सॅच्युरेशन वाढवतो, आणि तोच फोटो दुसऱ्या स्क्रीनवर भडक निघतो. कार्ड आणि बरा स्क्रीन यांत निवडायचं झालं तर मी डोळे झाकून स्क्रीन घेईन.

तुमच्या जागी मी दोन स्टिकमध्ये ३२ जीबी रॅम, एसआरजीबी जवळजवळ पूर्ण दाखवणारा स्क्रीन आणि मोठी एसएसडी घेतली असती, आणि पैसे उरले तर कार्ड. बहुतेक लॅपटॉपच्या आत कार्ड मागाहून लावता येत नाही, म्हणून घेण्याआधी आत्ताच्या मशीनवर एकदा बघून घ्या. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरचा परफॉर्मन्स टॅब उघडा ठेवून नेहमीसारखं एडिट करा. अडकतं त्या क्षणी मेमरी भरलेली दिसली तर रॅम कमी पडतेय. सीपीयू शंभरावर असेल तर प्रोसेसर बदलायला हवा. जीपीयू शंभरावर आणि बाकी दोन्ही निवांत असतील, तरच कार्डाने फरक पडेल.

आणि कार्ड घेतलंत तर पहिल्याच दिवशी लाइटरूमच्या प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्स टॅब उघडा. तिथे कार्डाऐवजी इंटिग्रेटेडचं नाव दिसत असेल, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या ग्राफिक्समध्ये जाऊन लाइटरूमला हाय परफॉर्मन्स निवडून द्या, आणि लाइटरूम बंद करून पुन्हा उघडा.