नव्या घरातले कोणते दोष मनावर घ्यावेत?

नवीन घरात कोणते दोष हमखास निघतात आणि त्यातले किती मनावर घ्यायचे, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते, कारण 'मनावर घेऊ नका' हे मी घरातच फार ऐकलंय.

इंदूरला राऊच्या बाजूला आमचं रो-हाऊस आहे. पहिल्याच उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली तिरका तडा गेला. बिल्डरचा माणूस पुट्टी भरून गेला. धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, नवं घर आहे, बसतंय. एक पावसाळा जाऊ द्या." पावसाळ्यात तडा दिसेनासा झाला, भाऊजी खूश. मी मात्र तड्याच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करून तारीख घालून ठेवली होती. पुढच्या मे महिन्यात पुट्टी फाटली आणि तडा त्या खुणेच्या बराच पुढे गेला.

माळव्याची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पाया खालच्या कठीण मुरमापर्यंत न नेता त्या मातीतच थांबवला, की घर दरवर्षी वरखाली होतं. बसणारं घर कधीतरी थांबतं, हे थांबत नाही.

भाऊजींचं म्हणणं, बिल्डरशी वाकडं घेऊ नका. मी लेखी तक्रार दिली. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियमन ठेवणाऱ्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत दोष दाखवला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. पत्रात कलम घातल्यावर इंजिनिअर आला. पायाशेजारी खड्डा घेतला, तर खाली काळी मातीच! मग पाया मुरमापर्यंत उतरवून घेतला आणि भिंतीलगत बाहेरच्या बाजूला उतार देऊन काँक्रीटचा पट्टा करून घेतला.

बाकी नेहमीचंच. टाइल्स नाण्याने वाजवा, पोकळ आवाज आला तर खाली मसाला भरलेला नाही. बाथरूमची मोरी फडक्याने बंद करून पाणी साठवा, 24 तासांनी खालचं छत बघा. कॉलम आणि विटांच्या सांध्यावर उभी चीर दिसली तर प्लास्टरखाली जाळी मारली नसण्याचीच शक्यता जास्त.

प्लास्टरवरच्या केसाएवढ्या चिरा मात्र वाळताना पडतातच, त्यावरून भांडू नका. आणि स्वतःच्या प्लॉटवर राहण्यासाठी ठेकेदाराकडून बांधून घेतलं असेल तर रेराचा उपयोग नाही, दुरुस्तीची मुदत करारातच लिहून घ्या.

तक्रार पोचपावती घेऊनच द्या. भाऊजी अजून म्हणतात, फोनवरही काम झालं असतं. पहिली पुट्टी भरल्यापासून बिल्डरला फोन तेच करत होते.