स्पॅनिशमधला पूर्ण भविष्यकाळ चालवायचा कसा?

तुमचा प्रश्न असा: 'फ्यूचर परफेक्टचा तक्ता पाठ आहे, पण वाक्य करायला गेलं की गाडी अडते. "विल हॅव डन" असं मनात धरलं तरी वाचनात भेटणारी अर्धी वाक्यं उलगडत नाहीत.'

आधी ते 'विल हॅव डन' बाजूला ठेवा. आपल्याकडे त्याहून चांगलं काहीतरी आहे: 'असेल'.

रूपांचं काम पाच मिनिटांचं. 'आबेर' या सहायक क्रियापदाची भविष्यकाळातली रूपं घ्यायची: आब्रे, आब्रास, आब्रा, आब्रेमोस, आब्रेइस, आब्रान. (लिहिताना सुरुवातीला एच असतो, तो उच्चारत नाहीत.) त्यांच्यापुढे मुख्य क्रियापदाचं धातुसाधित. 'आर'वाल्यांना 'आदो', 'एर' आणि 'इर'वाल्यांना 'इदो'. अनियमित मात्र सरळ पाठच करावे लागतात: एचो (केलेलं), दिचो (सांगितलेलं), बिस्तो, एस्क्रितो, पुएस्तो, बुएल्तो, रोतो, आबिएर्तो, मुएर्तो. लॅटिन अमेरिकेपुरतं शिकत असाल तर 'आब्रेइस' ओळखता आलं की पुरे, तिकडे ते सहसा कुणी बोलत नाही.

आघात मात्र सांभाळा. 'आब्रे'चा जोर शेवटावर. तोच पहिल्या अक्षरावर दिलात तर 'उघडतो' असा अर्थ होतो, कारण 'आब्रिर' म्हणजे उघडणे. आब्रास, आब्रा, आब्रान यांचंही तसंच. लिहिताना एच आणि आघातचिन्ह वाचवतात, बोलताना फक्त जोर.

आता अर्थ. आन्द्रेस बेयो यांनी 1847च्या आपल्या व्याकरणात या काळाला 'आन्तेफुतुरो' म्हटलं, म्हणजे भविष्यातल्या एका क्षणाच्याही आधीचं. 'पारा लास ओचो या आब्रे तेर्मिनादो', आठपर्यंत माझं संपलेलं असेल. हे तुम्हाला येतंच. अडतं ते दुसऱ्या वापरापाशी, आणि रोजच्या बोलण्यात तोच जास्त कानावर पडतो: अंदाज. बेल वाजली, 'पोस्टमन असेल', हे 'सेरा एल कार्तेरो', साधा भविष्यकाळ. दाराशी पाकीट पडलेलं दिसलं, 'पोस्टमन येऊन गेला असेल', हे 'आब्रा पासादो एल कार्तेरो'. यात भविष्य कुठे आहे? कुठेच नाही. मराठी माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही, आपलं 'असेल'ही दिवसभर हेच करतं. फोन उचलत नाही, 'से आब्रा दोर्मिदो', झोपला असेल. आणि तो खास सुरातला प्रश्न, 'विसरला नसशील ना?', तोही जसाच्या तसा: 'नो से ते आब्रा ओल्बिदादो?' इंग्रजीतून हा सूर आणायला किती कसरत करावी लागते बघा.

इथवर मराठी तुमच्या बाजूने आहे. यापुढे तीच दगा देते.

किल्ल्या सापडत नाहीत, आपण स्वतःशीच पुटपुटतो: 'कुठे ठेवल्या असतील मी किल्ल्या?' स्पॅनिशमध्ये: 'दोन्दे आब्रे पुएस्तो लास याबेस?' दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून नीट पाहा. मराठीत 'ठेवल्या' आणि 'असतील' दोघंही किल्ल्यांच्या मागे गेले, 'मी'ला कुणी विचारलंच नाही. शाळेतला कर्मणी प्रयोग. स्पॅनिशमध्ये 'आब्रे' माझ्या मागे आहे, आणि 'पुएस्तो'ला किल्ल्यांचं काही देणंघेणं नाही. किल्ली एक असो की दहा, 'पुएस्तो' तसंच राहणार. 'आबेर'बरोबर नेहमी कर्तरी, एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मी स्वतः यात पडले आहे. भाषांतराचं काम नवीन असताना मेक्सिकोतल्या एका ग्राहकाला शुक्रवारपर्यंत बिलं पाठवलेली असतील असं कळवायचं होतं. मी लिहिलं 'आब्रे एन्बियादास लास फाक्तुरास'. 'फाक्तुरास' (बिलं) स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी, अनेकवचनी, म्हणून 'एन्बियादास'. मराठी डोक्याला अगदी चोख वाटलं. हवं होतं 'एन्बियादो'. त्याने उत्तरात माझंच वाक्य दुरुस्त करून वापरलं, बाकी एक अक्षर बोलला नाही. (गोंधळात भर म्हणजे 'एस्तार', म्हणजे 'असणे', या क्रियापदाबरोबर ते खरोखरच बदलतं: 'लास फाक्तुरास एस्तारान एन्बियादास'.)

दुसरा खड्डा 'तेव्हा'चा. 'तू येशील तेव्हा मी निघालेली असेन' यात आपण दोन्हीकडे भविष्यकाळ घालतो, म्हणून हात आपोआप 'क्वान्दो येगारास' लिहितो. चूक. तिथे सब्जंक्टिव, म्हणजे अजून न घडलेल्या गोष्टीसाठीचं क्रियापदाचं वेगळं रूप, लागतो: 'क्वान्दो येगेस, या आब्रे सालिदो'.

नकार आणि सर्वनामं 'आब्रे'च्या आधी, आणि 'आब्रे' व धातुसाधित यांच्यामध्ये शक्यतो काही खुपसायचं नाही. आपण 'लिहिलं पण असेल' म्हणतो, तशी मोकळीक तिथे नाही.

तक्ता का लक्षात राहतो तेही सांगते, कारण मला हे कळल्यावर घोकंपट्टी संपली. स्पॅनिश भविष्यकाळाचे प्रत्यय म्हणजे मुळात 'आबेर'चीच वर्तमानकाळातली रूपं, क्रियापदाला मागून चिकटलेली. अंतोनियो दे नेब्रिहा यांनी 1492च्या व्याकरणातच हे टिपलं होतं. म्हणजे 'आब्रे' हे 'आबेर' अधिक त्याचंच 'मी'बरोबरचं वर्तमानकाळी रूप 'ए', मधला स्वर गळालेला; 'साबेर'चं 'साब्रे' आणि 'पोदेर'चं 'पोद्रे' होतं तसंच. 'आब्रे'त 'आबेर' दोनदा बसलाय.

आठवडाभर घरात काही हरवलं की स्पॅनिशमध्ये पुटपुटा. चश्म्यापासून सुरुवात करा, तो स्पॅनिशमध्ये अनेकवचनी आहे: 'दोन्दे आब्रे पुएस्तो लास गाफास?' जिभेवर 'पुएस्तास' आलं तर पुन्हा किल्ल्यांपाशी या.