जायचं नाही, की जायची भीती वाटते?

"परिषदेने पेपर स्वीकारलाय, पण अमेरिकेतलं वातावरण बघता जाऊ की नको?" हा प्रश्न घेऊन हल्ली बरेच जण माझ्याकडे समुपदेशनाला येतात. त्यातल्याच एकीची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

पस्तिशीतली संशोधक. अमेरिकेतल्या परिषदेत सादरीकरण, व्हिसा हातात, तिकीट मात्र काढलेलं नाही. बसता बसताच म्हणाली, "मी निषेध म्हणून जाणार नाहीये." २०२५च्या जूनमध्ये अमेरिकेने १२ देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदी घातली. तिचा सहलेखक त्यांपैकी एका देशाचा. "त्याला दार बंद, आणि मी तिथे जाऊन टाळ्या घ्यायच्या?"

मुद्दा बिनतोड होता. पण बोलताना तिचा अंगठा फोनवरून सारखा खाली सरकत होता. काय बघताय, विचारलं. जुन्या पोस्ट. गेले तीन आठवडे रात्री दोन-दोनपर्यंत जागून ती त्या एकेक करून पुसत होती.

मी विचारलं, "हा निषेध कुणाला कळवलात?"

बराच वेळ गेला. "कुणालाच नाही."

मग मी तिला एक जुनी हकिकत सांगितली. १९९२ची आंतरराष्ट्रीय एड्स परिषद बॉस्टनला भरायची होती. अमेरिका एचआयव्हीबाधितांना प्रवेश देत नव्हती, म्हणून आयोजकांनी ती ॲम्स्टरडॅमला हलवली. बंदी २०१०मध्ये उठली, आणि २०१२मध्ये परिषद वॉशिंग्टनला झाली. तो निषेध जगाला दिसला. न सांगता गैरहजर राहिलं, तर आयोजकांच्या वहीत फक्त 'आले नाहीत' एवढंच लागतं.

ती रडली. तत्त्व खोटं नव्हतं; भीती कबूल करायची लाज वाटत होती, म्हणून तिने तत्त्व पुढे केलं होतं. (हुशार माणसांचं हे फार होतं.)

भीतीचं मात्र नीट बघावं लागतं, कारण ती हवेतली नव्हती. व्हिसाच्या अर्जात २०१९पासून मागच्या पाच वर्षांची सोशल मीडिया खाती विचारतात. व्हिसा असला तरी विमानतळावरचा अधिकारी फोन तपासू शकतो, परत पाठवू शकतो. तिचा धोका नेमका किती, हे मी सांगू शकत नाही. त्यासाठी तिला व्हिसाची कामं करणाऱ्या वकिलाकडे पाठवलं. माझा प्रश्न वेगळा होता: परत पाठवलंच, तर काय मोडेल? ती म्हणाली, "पुढच्या वर्षीची फेलोशिप. तीही तिथलीच."

आणि सहलेखकाला अजून काहीच विचारलेलं नव्हतं! त्याच संध्याकाळी तिने फोन केला. तो म्हणाला, "तू बोलली नाहीस, तर माझंही काम कुणी ऐकणार नाही."

शेवटी ती गेली नाही. आयोजकांना मेल लिहिला आणि पाठवण्याआधी मला वाचून दाखवला: सहलेखकाला प्रवेश नाही हे मला मान्य नाही, शिवाय सीमेवरच्या तपासणीची मला भीती वाटते, आम्हा दोघांना ऑनलाइन बोलू द्यावं. 'भीती' हा शब्द तिने दोनदा खोडला होता, तिसऱ्यांदा ठेवला.

परवानगी मिळाली. निम्मा वेळ तो बोलला.