डावा दाता जाड का?

प्रश्न : आजेसासूबाईंची जुनी ट्रंक आवरताना सहा छोटे काटे सापडले, बोटभर लांबीचे. दाते तीनच आणि त्यातला डावीकडचा चांगला जाड, पट्टीसारखा. सहाही तसेच, म्हणजे वाकलेले नाहीत. मागे ई.पी.एन.एस. असं कोरलंय. भांडीवाला म्हणतो चांदी आहे, मिस्टर म्हणतात डिफेक्टिव्ह माल आहे. आणि काळे पडलेत ते कसे साफ करू? – एक वाचक, सांगली

उत्तर : दोघंही चुकले! माल एकदम व्यवस्थित आहे ताई, ते पेस्ट्रीचे काटे आहेत. चहाच्या वेळी एका हातात बशी धरायची, मग केक कापायला सुरी कुठल्या हाताने धरणार, म्हणून डावा दाता रुंद केला, त्याच्या कडेने दाबलं की तुकडा पडतो नि त्याच काट्याने उचलून तोंडात. उजव्या हाताने खाणाऱ्यांसाठीच आहे हे, डावखुऱ्यांना ती कड उलट्या बाजूला येते.

आता चांदीचं. ई.पी.एन.एस. म्हणजे इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर. नावात सिल्व्हर असलं तरी निकेल सिल्व्हरमधे चांदी नसतेच, ते तांबं, निकेल नि जस्ताचं मिश्रण, त्यावर विजेने चांदीचा पातळ मुलामा चढवलेला. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने 1840 मधे या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि मग ज्यांना खरी चांदी परवडत नव्हती त्यांच्याही टेबलावर चकचकीत काटे आले, माशाचा वेगळा, ऑयस्टरचा वेगळा, सार्डिन वाढायचा वेगळा, लोणचं बरणीतून काढायचा लांब दांड्याचा वेगळा (हा मात्र आपल्याकडे असायला हवा होता). एवढे प्रकार गरजेपोटी झाले असं मला तरी वाटत नाही, पाहुण्याला कुठला काटा उचलायचा ते कळतंय का हे बघायचीही त्यात मजा असणार.

गंमत म्हणजे त्याच्या दोनशे वर्षं आधी इंग्लंडमधे काटा म्हणजे चेष्टेचा विषय होता. टॉमस कोरिएट नावाचा एक भटक्या इंग्रज 1608 मधे इटलीत गेला, तिथे लोक मांस कापताना ते काट्याने धरतात, बोट लावत नाहीत, हे त्याने पाहिलं. कारण काय, तर सगळ्यांची बोटं सारखी स्वच्छ नसतात! घरी येऊन हा पण काट्याने खायला लागला, तर एका मित्राने नाव ठेवलं 'फुर्सिफेर', लॅटिनमधे त्याचा अर्थ काटेवाला पण होतो आणि बदमाश पण. 1611 मधे प्रवासवर्णनात त्याने हे सगळं छापलं. पुढे हाच माणूस सीरियातल्या हलबपासून बहुतेक सगळं पायी चालत अजमेरला पोचला, जहांगीर बादशहासमोर फारसीत भाषण ठोकून शंभर रुपये मिळवले, इंग्रज राजदूत टॉमस रोला ती भीक वाटली म्हणून त्याची बोलणीही खाल्ली, आणि 1617 च्या डिसेंबरमधे सुरतेत हगवणीने गेला.

आणि त्याच्याही आधी, अकराव्या शतकात, कॉन्स्टँटिनोपलहून व्हेनिसला सून म्हणून गेलेली एक राजकन्या सोन्याच्या दोनदाती काट्याने खायची, त्यावरून पीटर डेमियन नावाच्या साधूने तिला काय काय सुनावलंय. सासरी सुनेने वेगळं काही केलं की बोलणारे तेव्हाही होतेच.

साफ करायचं सोपं आहे. पातेल्यात अॅल्युमिनियम फॉइल पसरा, वर काटे ठेवा, फॉइलला टेकले पाहिजेत, त्यावर कडकडीत पाणी नि दोन चमचे खायचा सोडा. पाचेक मिनिटांत काळेपणा उतरतो. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, तो गंधकाचा, काळेपणा त्याचाच असतो. राख, तारेची घासणी अजिबात नको, मुलामा निघाला की खालचं पिवळट दिसायला लागेल.

प्रश्न : काट्याने भात खाताना अर्धा ताटात पडतो. मग हे चार दाते आणि तो बाक कशासाठी? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी दोनच दाते असायचे, सरळ, आपल्या दाताळ्याच्या पिल्लासारखे. कापताना मांस हलू नये एवढंच त्यांचं काम. मटारचे दाणे मधल्या फटीतून खाली. म्हणून दाते वाढून तीन-चार झाले आणि थोडं चमच्यासारखं उचलता यावं म्हणून बाक आला. टोचायचं काम काट्याकडे गेल्यावर सुरीला टोक लागेना, फ्रान्सच्या चौदाव्या लुईने तर 1669 मधे टोकदार सुऱ्यांवर बंदीच घातली, आज जेवणाच्या टेबलावरची सुरी बोथट गोल असते ती तेव्हापासून.

भाताचं म्हणाल तर थायलंडवाल्यांनी उत्तर काढलंय, ते भात खाताना काटा तोंडात घालतच नाहीत. डाव्या हातातल्या काट्याने भात ढकलायचा, उजव्या हातातल्या चमच्यात घ्यायचा नि चमच्याने खायचा. घरी करून बघा, एक शीत पडत नाही. लग्नाच्या बुफेत मात्र जमणार नाही, तिथे एक हात प्लेट धरण्यातच गेलेला असतो.