लिव्हर अडकतो, गिअरबॉक्स उघडू का?

प्रश्न : आमच्याकडे आजोबांची 1968 ची महिंद्रा सीजे-3बी जीप आहे. घाटात पकड मिळावी म्हणून डांबरी रस्त्यावरही मी फोर-व्हील (चारही चाकांना इंजिनची ताकद) टाकतो. वळताना स्टिअरिंग जड होतं, नंतर फोर-व्हीलचा लिव्हर निघत नाही. मेकॅनिक गिअरबॉक्स उघडायला सांगतो. व्हिंटेज नोंदणीही करू का?
– एक वाचक, भोर

उत्तर : थांबा, इतक्यात काही उघडू नका! या जीपला मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात, वाळूत टायर थोडे घसरतात आणि हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर ते घसरत नाहीत, सगळा ताण शाफ्ट आणि गिअरच्या दातांवर चढतो. म्हणून लिव्हर आवळला जातो. तो ओढू नका. स्टिअरिंग सरळ धरून गाडी थोडी मागे घ्या, ताण उतरला की लिव्हर हाताने सहज निघेल. कोरड्या घाटात टू-व्हीलच (फक्त मागच्या चाकांना ताकद) ठेवा.

तरीही अडकला तर टायर बघा. पुढे नवे, मागे झिजलेले असतील तर सरळ रस्त्यावरही हाच त्रास होतो. चारही एकाच मापाचे, सारखे झिजलेले हवेत.

व्हिंटेज नोंदणी 50 वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाड्यांना मिळते, शुल्क 20,000 रुपये. पण मग ती रोज रस्त्यावर काढता येत नाही. तुम्ही तिला घाटात नेता, मला ते फार आवडलं. साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवा.